नाक्यावरचा माणूस : गोलरक्षक रिचर्ड ॲलन

माझे गाव कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना आपल्या जिल्ह्याची हद्द संपत आली की ते लागते. वर्गात कोणी गाव विचारले की नाका या शब्दावर मुले हमखास हसतात. मलाही पूर्वी त्या नावाची थोडी लाज वाटे. पण या नावाला इतिहास आहे. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारातले वऱ्हाड, असे दिवस होते तेव्हा या वाटेने जाणाऱ्या मालावर संस्थानची जकात, म्हणजे करोडगिरी, द्यावी लागे. माझे पणजोबा त्या नाक्यावर शिपाई होते. १९४८ साली संस्थान गेले, पुढे नाका गेला, पणजोबाही गेले. गावाच्या नावाला नाका तेवढा चिकटून राहिला.

आजोबा सांगतात, पणजोबांची नोकरी म्हणजे बहुतेक वेळ काहीच न करण्याची नोकरी. रात्र रात्र एकही गाडी येत नसे, पण जागे राहावे लागे. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो गाड्या थांबवून तपासल्या असतील. त्यांपैकी एकीचीही आठवण कोणाला नाही. मात्र एका पावसाळी रात्री कापसाच्या दोन गाड्या त्यांचा डोळा चुकवून निसटल्या, ती गोष्ट गावात पुढे तीस वर्षे सांगितली जात होती!

मित्रहो, मी लिहायला बसलो आहे तो हॉकीच्या एका गोलरक्षकाविषयी. मग ही घरची हकीकत कशाला, असे तुम्हाला वाटेल. परंतु या गोलरक्षकाचे चरित्र वाचताना मला पुन्हापुन्हा पणजोबाच आठवले. म्हणून आरंभ त्यांच्यापासून केला.

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपला हॉकी संघ पहिल्याच फेरीत हरला, हे आपण सर्व जाणताच. त्या सामन्यात गोलात मी उभा होतो. सामना बरोबरीत चालला होता. शेवटची चार मिनिटे उरली होती. चेंडू बराच वेळ पलीकडच्या अर्ध्या मैदानात होता. आपल्याच मुलांचा खेळ पाहण्यात मी इतका रमलो की त्यांचा एक गडी चेंडू घेऊन एकटाच सुटला, हे मला उशिरा कळले. पुढे यावे की मागे राहावे याचा विचार करीत मी मध्येच उभा राहिलो आणि चेंडू माझ्या उजव्या पायाजवळून आत गेला. तो मला थांबवता आला असता, हे मी आज मोकळेपणाने लिहितो. परतीच्या प्रवासात माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही. त्याच आठवड्यात मी पॅड धुऊन, वाळवून शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे परत दिले आणि पुन्हा खेळणार नाही असे सांगून टाकले. सर रागावले नाहीत. त्यांनी पॅड कपाटात ठेवले आणि एका कागदावर एक नाव लिहून दिले. ग्रंथालयात जाऊन या माणसाची माहिती काढ, मग काय ते ठरव, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कागदावर नाव होते, रिचर्ड ॲलन.

रिचर्ड जेम्स ॲलन यांचा जन्म ४ जून १९०२ रोजी नागपूर येथे झाला. योगायोग असा, की त्याच साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले. म्हणजे आमच्या नाक्यावरची सरहद्द पक्की झाली आणि भारताच्या गोलाचा रक्षक जन्मला, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या! नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. ॲलन हे अँग्लो-इंडियन समाजातले. रेल्वे, तारखाते, पोलीस, कस्टम्स अशा खात्यांतून हा समाज देशभर विखुरलेला होता आणि जेथे तो गेला तेथे हॉकीची काठी बरोबर घेऊन गेला. भारतीय हॉकीच्या पहिल्या सुवर्णकाळात या समाजाचा वाटा केवढा मोठा होता, याची आज आपल्याला फारशी जाणीव नसते.

ॲलन यांचे शिक्षण हिमालयाच्या कुशीत झाले. प्रथम मसुरीजवळच्या ओक ग्रोव्ह शाळेत आणि नंतर नैनितालच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात. या दोन्ही संस्था १८८८ सालच्या. त्यांपैकी ओक ग्रोव्ह ही ईस्ट इंडियन रेल्वेने आपल्या नोकरांच्या मुलांसाठी काढलेली शाळा. घरापासून शेकडो मैल दूर, डोंगरावरच्या वसतिगृहात वाढणाऱ्या या मुलांच्या दिनक्रमात पुस्तकांइतकेच मैदानालाही स्थान असे. डोंगरावर सपाट जागा मुळातच थोडी. तेवढ्याशा जागेत वेगाने येणारा चेंडू नजरेने टिपायचा आणि पायाने परतवायचा, या सवयीचे महत्त्व गोलात उभे राहिलेल्या माणसालाच कळेल.

येथे हॉकी न खेळलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढाच जड आणि तितकाच टणक. आजचा गोलरक्षक शिरस्त्राण, तोंडावर जाळी, छातीवर जाड कवच असा एखाद्या जुन्या योद्ध्यासारखा सजून उतरतो. ॲलन यांच्या काळी पायांना पॅड, हातांत मोजे आणि काठी, एवढाच संरंजाम. तोंड आणि डोके उघडे. समोरून दहा पावलांवरून कोणी चेंडू हाणला तर डोळे मिटायचे नाहीत, हीच पहिली परीक्षा. ती अजून मला पुरती जमलेली नाही.

ॲलन यांची खरी घडण मात्र कलकत्त्याला झाली. ते बंगालकडून खेळू लागले. कलकत्ता म्हणजे त्या वेळी भारतीय हॉकीचे माहेरघर. तेथली बायटन चषक स्पर्धा १८९५ पासून चालत आलेली. रेल्वे, बंदर, कस्टम्स अशा खात्यांचे तगडे संघ तेथे एकमेकांशी झुंजत. त्यांतला एक नामांकित संघ तर चक्क कस्टम्सचा, म्हणजे आमच्या करोडगिरीवाल्यांच्या भाईबंदांचा! अशा ठिकाणी आठवड्यामागून आठवडे चांगल्या आघाडीला तोंड देत उभे राहणे, यासारखी दुसरी शाळा नाही.

याच सुमारास भारतीय हॉकीचे दैव उघडत होते. १९२५ साली ग्वाल्हेरला भारतीय हॉकी महासंघ स्थापन झाला. १९२६ साली सैन्यदलाचा संघ न्यूझीलंडला जाऊन आला. एकवीस सामन्यांपैकी अठरा त्याने जिंकले आणि ध्यानचंद हे नाव परदेशी मैदानावर प्रथम झळकले. मग १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला संघ पाठवायचे ठरले. त्याकरिता कलकत्त्याला आंतरप्रांतीय स्पर्धा भरविण्यात आली. पंजाब, बंगाल, राजपुताना, संयुक्त प्रांत आणि मध्य प्रांत असे पाच संघ उतरले आणि संयुक्त प्रांताने विजेतेपद मिळविले. नागपूरला जन्मलेले ॲलन या स्पर्धेत बंगालचे होते. याच खेळाच्या आधारे ऑलिंपिकचा संघ निवडला गेला आणि ॲलन यांचे नाव त्यात आले. तेव्हा त्यांना सव्वीसावे वर्ष लागले सरले नव्हते.

या निवडीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुंबईहून जहाजावर चढलेल्या खेळाडूंत गोलरक्षक एकच होता. त्याला दुखापत झाली, ताप आला, हात मोडला, तर त्याच्या जागी उभा राहणारा कोणी नव्हता. नाक्यावर शिपाई एकच आणि पाळी बदलायला दुसरा नाही!

निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी एक सामना झाला आणि ऑलिंपिकला निघालेला हा संघ चक्क २–३ असा हरला. अशा संघाला निरोप द्यायला कोण येणार? १० मार्च १९२८ रोजी कैसर-इ-हिंद या बोटीने संघ निघाला तेव्हा धक्क्यावर उणीपुरी तीन माणसे होती. हे वाचले तेव्हा मला आमची ती परतीची एस. टी. आठवली. फरक एवढाच, की आम्ही हरून परत येत होतो आणि ते हरून पुढे निघाले होते. मुंबईच्या मुलांनी आपल्या गोलात तीन चेंडू टाकले, हे मनात घेऊन ॲलन यांनी तो समुद्रप्रवास केला असेल. त्यांच्या मनात काय चालले होते हे मला माहीत नाही, पण गोलरक्षकाला आत गेलेला चेंडू दिवसेंदिवस दिसत राहतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

प्रथम इंग्लंडात काही सामने झाले. जयपालसिंग तेथे ऑक्सफर्डला शिकत होते, त्यांच्याकडे संघाचे नेतृत्व आले. मग मे महिन्यात ॲमस्टरडॅम. १७ मे रोजी ऑस्ट्रियाशी पहिला सामना झाला : ६–०. दुसऱ्या दिवशी बेल्जियम : ९–०. नंतर डेन्मार्क : ५–०. स्वित्झर्लंड : ६–०. प्रत्येक ओळीच्या उजव्या बाजूला शून्य. पण ती शून्ये कोणी वाचली नाहीत, सर्वांचे डोळे डाव्या बाजूच्या आकड्यांवर होते. ध्यानचंद यांनी त्या स्पर्धेत एकट्याने चौदा गोल केले, मग दुसऱ्या कोणाकडे कोण कशाला पाहील?

खरे सांगायचे तर मीही सुरुवातीला ॲलन यांच्या पराक्रमावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. समोर ध्यानचंदांसारखा जादूगार असताना गोलात कोणीही उभे राहावे, चेंडू इकडे येणारच कशाला, असे माझे मत झाले होते. सरांना मी तसे सांगितलेही. त्यांनी मला अंतिम सामन्याचे वर्णन पुन्हा वाचायला लावले.

तो सामना २६ मे रोजी यजमान हॉलंडशी झाला. प्रेक्षक वीस हजारांवर आणि बहुतेक सगळे यजमानांच्या बाजूचे. भारताची अवस्था काय होती? फिरोजखान जायबंदी, शौकत अली आजारी, खेरसिंग आजारी. कर्णधार जयपालसिंग संघात नव्हते, त्यांच्या जागी पिनिगर नेतृत्व करीत होते. खुद्द ध्यानचंद अंगात ताप घेऊन उतरले होते. अशा वेळी संघाची मागची बाजू ढासळली असती तर सगळेच संपले असते. ती ढासळली नाही. भारत ३–० असा जिंकला आणि ऑलिंपिकमधले आपल्या देशाचे हॉकीचे पहिले सुवर्णपदक हाती आले. पाच सामने, एकोणतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही! पाचही सामन्यांत गोलात ॲलन होते. संघ परतला तेव्हा ज्या मुंबईने तीन माणसे निरोपाला पाठवली होती, तिच्या धक्क्यावर गर्दी मावत नव्हती.

या एका शून्याचा मी बराच विचार केला. सामन्यात सतत चेंडू येत असेल तर गोलरक्षक आपोआप जागा राहतो. खरा कस लागतो तो चेंडू येत नाही तेव्हा. हात गार पडतात, पाय जड होतात, मन प्रेक्षकांत जाते, आपल्याच संघाचा खेळ बघण्यात रमते. आणि मग तासाभरात एकदाच, अगदी एकदाच, कोणीतरी एकटा सुटून येतो. त्या एका क्षणासाठी उरलेला सगळा वेळ जागे राहायचे असते. पाच सामने ॲलन तसे जागे राहिले. मी एका सामन्यात शेवटची चार मिनिटे जागा राहू शकलो नव्हतो. दुबळ्या संघाच्या गोलरक्षकाला कष्ट जास्त, हे मान्य. पण बलाढ्य संघाच्या गोलरक्षकाची तपश्चर्या निराळी आणि ती कोणाला दिसत नाही.

येथवरचा भाग त्यांच्या उमेदवारीचा. पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९३२ साली लॉस एंजल्सच्या ऑलिंपिकला ते पुन्हा गेले. या वेळी जोडीला आर्थर हिंड हे दुसरे गोलरक्षक होते. हॉकीत अवघे तीन संघ आले होते. जपानविरुद्ध हिंड उभे राहिले आणि भारत ११–१ असा जिंकला. ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध ॲलन उभे राहिले आणि निकाल लागला २४–१. रूपसिंग यांनी दहा आणि ध्यानचंद यांनी आठ गोल केले. या सामन्याविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगतात. ॲलन यांच्याकडे चेंडू फिरकतच नव्हता, म्हणून ते गोलाच्या मागे जमलेल्या प्रेक्षकांना सह्या देत होते आणि तेवढ्यात अमेरिकेने आपला एकुलता एक गोल साधला! खरेखोटे देव जाणे. पण मला या आख्यायिकेची गंमत वाटते आणि वाईटही वाटते. पाच सामन्यांत ज्याच्या गोलात एकही चेंडू गेला नाही, त्या माणसाची लोकांनी ठेवलेली गोष्ट कोणती? तर ज्या दिवशी एक चेंडू आत गेला ती! पणजोबांच्या कापसाच्या दोन गाड्या मला येथे आठवल्या, आणि हा लेख लिहावा असे प्रथम वाटले तेही येथेच.

आणि समजा, ती गोष्ट खरी असली, तरी तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. एक चूक झाली म्हणून ॲलन यांनी पॅड परत केले नाहीत. चार वर्षांनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते बर्लिनच्या ऑलिंपिकला पुन्हा गोलात उभे होते. तेथे सुरुवात चांगली झाली नव्हती. सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४–१ असे हरवले होते. कर्णधार ध्यानचंदांसह सर्वांच्या मनात त्या पराभवाची सल होती. अंतिम सामना त्याच जर्मनीशी पडला. पावसामुळे तो एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी ओल्या मैदानावर झाला. मध्यंतराला भारत अवघ्या एका गोलाने पुढे होता. एक चेंडू इकडे आत गेला असता तर डाव पालटायला वेळ लागला नसता. उत्तरार्धात आपली आघाडी सुटली आणि निकाल लागला ८–१. जर्मनीचा तो एक गोल म्हणजे त्या संबंध स्पर्धेत भारताने खाल्लेला एकमेव गोल. पुढे अकरा वर्षांनी १५ ऑगस्ट या तारखेला आपल्या इतिहासात निराळेच मोल आले, हे वाचकांना सांगायला नको.

आता थोडा हिशेब मांडू. १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून भारताने एकशे दोन गोल केले आणि तीन खाल्ले. त्या तिहींपैकी ॲलन गोलात असताना झालेले दोन. तिन्ही वेळा सुवर्णपदक मिळविणारे खेळाडू दोनच, एक ध्यानचंद आणि दुसरे रिचर्ड ॲलन. ध्यानचंदांच्या जन्मदिवशी, २९ ऑगस्टला, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा करतो. २०२१ पासून देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो. ते सर्वस्वी योग्यच आहे. पण दुसऱ्या माणसाचे नाव आपल्या महाविद्यालयात किती जणांनी ऐकले होते? नागपूर आमच्या गावाहून काही फार लांब नाही, आणि तरी मी स्वतः गोलरक्षक असून ऐकले नव्हते. १९६९ साली बंगलोर येथे ॲलन यांचे देहावसान झाले.

काळ बदलला हेही खरे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोला कांस्यपदकाच्या सामन्यात अखेरच्या काही सेकंदांत श्रीजेश यांनी जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर अडवला आणि ते गोलाच्या आडव्या दांडीवर चढून बसले, ते चित्र घराघरांत पोहोचले. २०२४ साली पॅरिसला दुसरे कांस्यपदक घेऊन ते निवृत्त झाले. अडवलेला चेंडूही आता लोक पाहू लागले, लक्षात ठेवू लागले. ॲलन यांच्या वाट्याला ते आले नाही. त्यांनी अडवलेल्या एकाही चेंडूचे चित्र माझ्या पाहण्यात आले नाही. निकालाच्या ओळीत उजवीकडे छापलेले शून्य, हीच त्यांची सही.

मी पॅड परत घेतले की नाही, हे विचारणाऱ्यांना सांगतो की घेतले. त्यामुळे काही चमत्कार झाला असे समजू नका. यंदाही माझ्या गोलात चेंडू गेले आणि यंदाही मी एकदा शिव्या खाल्ल्या. फक्त चेंडू पलीकडच्या अर्ध्या मैदानात असला की मी आता खेळ बघत नाही, नाका राखतो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजोबांना ॲलन यांची सगळी हकीकत सांगितली. हॉकी त्यांनी कधी पाहिलेली नाही. सगळे ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग पहिल्यांदाच त्यांनी मला पणजोबांनी पकडलेल्या एका गाडीची गोष्ट सांगितली.

— बी. ए. भाग २